दगडाला दिलेली धाप

गाडी टेकडीच्या पायथ्याशी थांबली तेव्हा आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं, आणि तिला त्याचाच संशय आला. वर्षभरात तिला चांगल्या गोष्टींचा संशय घ्यायची सवयच लागली होती. खिशातला दम्याचा पंप तिनं चाचपला, पाठपिशवीतला दुसराही चाचपला, मग पुन्हा खिशातला.

"अगं, फिरायला निघालोय की दवाखाना थाटायला?" नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावतो. बायकोच्या डोळ्यांतली काळजी म्हणजेही नंबरच, एकदा तपासला की दोन वर्षं बघायला नको, असं त्याला वाटतं.

"करू दे रे काळजी," सासूबाई बुटाची नाडी आवळत म्हणाल्या. "तिनं सोडली तर आपल्याला करावी लागेल. आपल्याला कुठे जमणार आहे?"

सासूबाई शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या, पण आवाज अजून मैदानावरच होता. त्या आवाजात त्यांनी नातीला हाक मारली, "मुंगीबाई, रांगेत या!" आणि पाच वर्षांची मुंगीबाई एकटीच रांग करून उभी राहिली.

दम्यानं त्या पोरीचं अख्खं वर्ष खाल्लं होतं. शाळा सुटली, पळणं सुटलं, मोठ्यानं हसणंसुद्धा बेतानं. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, "आता चालवून बघा. चढ झेपला तर शाळेत घाला." म्हणजे आजची टेकडी ही सहल नव्हती, परीक्षा होती. हे लेकीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

वाट सोपी होती. गुडघाभर गवत, मधून रचीव दगडांची बुटकी कुंपणं, चरणाऱ्या मेंढ्या. वळणावळणाला समुद्र दिसायचा आणि दर वेळी मोठा झालेला असायचा. लेक मेंढ्यांना "ए जाडे!" म्हणून हाका मारत होती, आणि एका मेंढीनं उत्तर दिल्यावर सगळेच इतके हसले की मेंढीनं पाठ फिरवली.

आई मात्र हसतानाही ऐकत होती. तिचं कामच ऐकण्याचं होतं. आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, त्या मुद्रणातले वाचकांचे श्वास ती पुसते. वाक्यावाक्यामधली धाप, गिळलेली थुंकी, सुस्कारा, सगळं कापून वाक्य लख्ख करते. त्यामुळे माणसाला ती चेहऱ्याआधी श्वासावरून ओळखते. आणि लेकीची धाप तर तिनं रात्ररात्र उशाशी बसून ऐकलेली. श्वास सोडताना शेवटी बारीक शीळ, मग आत घेताना अर्धवट हुंदका. शंभर पोरांत तिनं ती ओळखली असती.

"तू दमलीस" म्हटलेलं लेकीला खपायचं नाही. म्हणून सासूबाईंनी आजारपणात एक खेळ काढला होता. धाप लागली की एखाद्या दगडाशी बसायचं, त्यावर तळवा टेकायचा आणि म्हणायचं, "दगडोबा दगडोबा, माझी धाप घे, तुझा आराम दे." मग दगडोबा कबूल होईपर्यंत थांबायचं. अंगणातल्या पायरीपासून दवाखान्याच्या ओट्यापर्यंत सगळ्या दगडांशी हा सौदा होऊन गेला होता. पोरगी तेवढी बसते, म्हणून कुणाची हरकत नव्हती.

अर्धा चढ संपला तिथे मेंढ्या कोंडण्यासाठी बांधलेलं एक जुनं गोल कुंपण होतं. पुरुषभर उंचीचं, बिनछपराचं, आत जायला एक फट. तिथे पोचता पोचता समुद्रावरून एक ढग चढून आला आणि समोरची वाट पुसून गेला. गारवा झोंबला. लगेच शीळ सुरू झाली.

"पंप घे, सोन्या," आई म्हणाली.

"थांब. आधी दगडोबाला विचारते." लेक फटीतून आत शिरली.

पंपाचं टोपण काढताना ते गवतात पडलं. ते उचलायला आई वाकली तेव्हा आतून लेकीचं म्हणणं ऐकू येत होतं, शिळेनं तुटक झालेलं. "माझी धाप... घे. तुझा आराम... दे." मग शीळ थांबली. विरली नाही, थांबली. तिनं स्टुडिओत कापल्यावर थांबते तशी.

ती आत धावणार इतक्यात लेकच बाहेर आली. खदाखदा हसत.

"आई, कबूल झाला! पहिल्यांदाच खरं खरं कबूल झाला!"

आणि हात धरून ओढायलाच लागली. हात गार होता. वाराही तसाच होता म्हणा.

चार पावलं गेल्यावर मागून शीळ आली. बारीक शीळ, अर्धवट हुंदका. आई गर्रकन वळली. मागे ढग आणि कुंपण. लेक तर पुढे, आजीच्याही पुढे, उड्या मारत चढत होती. दगडी भिंती आवाज धरून ठेवतात, हे तिला कामामुळे माहीत होतं. पण धरलेला आवाज हळूहळू मरतो. हा वाढत होता.

"येतेस का?" नवऱ्यानं वरून हाक मारली, आणि ती गेली.

माथ्यावर ढग संपला. खाली समुद्र असा पसरला होता की डोळे कुठे ठेवावेत कळेना. पांढऱ्या फेसाची किनार, खडकांची काळी बोटं, एक इवलीशी होडी. सासूबाईंनी नातीशी शर्यत लावली आणि चक्क हरल्या. "मी मुद्दाम हरले," त्या कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाल्या. "आजी, खोटं बोललं की असाच दम लागतो," नात म्हणाली. नवऱ्यानं लेकीला उचलायला हात घातले आणि दोनदा जोर लावला.

"बाप रे! काय खाऊ घालतेस हिला? दगड?"

आई पोट धरून हसली. कधीपासून हसली नव्हती अशी. मग सवयीनं तिनं लेकीच्या पाठीला कान लावला. शीळ नाही, घरघर नाही. काहीच नाही. इतकं स्वच्छ काम तिला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "घालूया शाळेत," ती म्हणाली, आणि नवऱ्यानं सगळ्यांसमोर तिच्या कपाळाचा मुका घेतला.

उतरताना ऊन पडलं होतं. माय-लेक पुढे गेल्या, नवरा आणि सासूबाई मेंढ्यांशी बोलत मागे रेंगाळले.

कुंपणाशी आल्यावर तिचे पाय आपोआप थांबले.

आत कुणीतरी श्वास घेत होतं.

ती फटीशी गेली. आत बारीक गवत, मधोमध गुडघाभर उंचीचा एक दगड. बाकी कुणी नाही.

शीळ तिथूनच येत होती. शीळ, अर्धवट हुंदका. शीळ, अर्धवट हुंदका. पंप लागावा अशा वेळची.

"दगडोबा आहे," लेक शेजारी येऊन म्हणाली. "त्याला आता लागलीय ना." तिनं मान वर केली. चेहरा शांत, गाल गुलाबी. "परत घ्यायची का गं आई?"

आतली शीळ क्षणभर थांबली. जणू उत्तर ऐकायला.

"नको," आई म्हणाली. इतक्या पटकन, की तिची तीच दचकली.

मागून सासूबाईंचा आवाज जवळ येत होता. तिनं खिशातला पंप काढला, टोपण काढून कुंपणाच्या दगडावर ठेवला, आणि लेकीचा हात धरून भराभर उतरायला लागली. मागे वळून पाहिलं नाही. ऐकायचं मात्र तिला थांबवता आलं नाही.

गाडीत गरम चहा निघाला, बिस्किटं निघाली. शाळेचं दप्तर कुठल्या रंगाचं, यावरून आजी-नातीचं कडाक्याचं भांडण झालं. पिवळं ठरलं. गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत नात झोपली, आणि सासूबाई मागे मान टाकून गुणगुणायला लागल्या. नवऱ्यानं आरशातून बायकोकडे बघून भुवया उडवल्या. पास झालो, अशा.

ती हसली. खरंच हसली.

चहाच्या वाफेनं आणि सगळ्यांच्या हसण्या-बोलण्यानं गाडीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. लेक काचेला गाल लावून झोपली होती, ओठ किंचित उघडे. तिच्या ओठांसमोरची काच तेवढी लख्ख होती. तिथून खालचा समुद्र दिसत होता, अगदी फेसासकट.