एकविसाव्या मजल्यावरचा शेक

आम्ही बघितलेला तो सातवा फ्लॅट. बँकॉकमध्ये, ख्लोंग सानच्या बाजूला, नदीकाठची जुनी लाकडी वस्ती पाडून तिथे तीन टॉवर उभे केले होते. त्यांतल्या मधल्या टॉवरचा एकविसावा मजला. एजंट मुलगी उत्साहाने एकेक गोष्ट दाखवत होती. हॉलला छतापासून जमिनीपर्यंत काच, खाली नदी, नदीत खेळण्यांएवढ्या होड्या. पांढरी, गुळगुळीत फरशी. मी सवयीप्रमाणे एसीच्या झडपा तपासल्या. मोठमोठ्या इमारतींची वातानुकूलन यंत्रणा बसवणं हेच माझं काम. उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, एवढंच मला नीट कळतं.

वानिदा, माझी बायको, दारातच उभी होती. अंगात स्वेटर. तिने एकच प्रश्न विचारला.

"आमच्या आधी इथे कोणी राहिलंय?"

"छे हो ताई, कोरा फ्लॅट आहे. तुम्हीच पहिल्या."

"मग हाच घेऊ," वानिदा म्हणाली.

आधीच्या घरात एक खोली आम्ही पिवळ्या रंगाने रंगवली होती. सातव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगी होती. हॉस्पिटलमधून परत आल्यावर वानिदा त्या खोलीवरून जाताना भिंतीला चिकटून चालायची. म्हणून आम्ही ते घर सोडलं.

तिला थंडी वाजायची. एप्रिलच्या उकाड्यात, बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ होत असताना, तिचे पाय बर्फासारखे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रक्त व्यवस्थित, थायरॉईड व्यवस्थित. "वेळ लागेल," म्हणाले. ती दोन घास खायची आणि ताट सरकवायची. झोप तर नव्हतीच. नव्या घरात मी एसी बंद ठेवायचो आणि घामाने निथळत तिच्याशेजारी बसायचो. तिचा हात हातात घेतला की मलाच हुडहुडी भरायची.

राहायला येऊन आठवडा झाला होता. दुपारी चारच्या सुमारास मी कामावरून लवकर परतलो, तर वानिदा हॉलमध्ये फरशीवर पडलेली. माझ्या हातातली पिशवी गळून पडली. धावत जाऊन बसलो तिच्यापाशी.

ती झोपली होती. गाढ. तोंड किंचित उघडं, कपाळावर घामाचे बारीक थेंब.

मी हात टेकला तर फरशी गरम लागली. ऊन म्हणावं, तर काच उत्तरेकडची, तिथे ऊन येतच नाही. ती उठल्यावर मी कामावरचं तापमान मोजायचं यंत्र आणलं. सगळी फरशी सव्वीस अंश. ती निजली होती तेवढा पट्टा एकोणचाळीस. माणूस आडवा होईल एवढा लांब, कडा अगदी सरळ.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सुपरवायझरला घेऊन खालच्या मजल्यावर गेलो. तो फ्लॅट रिकामा होता, अजून फर्निचरही आलेलं नव्हतं. शिडी लावून मी छताला हात लावला. थंडगार.

"तिथून गरम पाण्याचा पाइप जातो का?"

"नाही, साहेब. वायरसुद्धा नाही. नकाशा दाखवू?"

नकाशा पाहिला. काहीच नव्हतं.

वानिदाला मी काही बोललो नाही. ती रोज दुपारी तिथे जाऊन पडायची. कधी कुशीवर, कधी पाठ टेकून. चौथ्या दिवशी तिने स्वेटर काढून सोफ्यावर टाकला. पाचव्या दिवशी दार उघडताच मला वास आला. लाकडाच्या धुराचा, आणि त्यात आंबेहळदीसारखं काहीतरी तिखट. धुराचा अलार्म छतावर हिरवा दिवा लुकलुकवत गप्प होता.

"नोप," तिने हाक मारली. कित्येक दिवसांनी तिने माझं नाव घेतलं. "मला भाजलेला खारा मासा हवाय. आणि भोपळ्याची पातळ आमटी, भरपूर मिरी घातलेली."

"ही आमटी तू कधी केली नाहीस."

"नाही केली. पण हवीय."

दुसऱ्या दिवशी मी टॉवरच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथे लम्याईमावशी नारळाच्या दुधातले आप्पे विकायच्या. साठीच्या असतील. आमच्या इमारतीतल्या माणसांवर त्यांचा राग.

"वरून उतरलात? माझ्याकडे काटे-चमचे नाहीत हं!"

"मावशी, मिरीवाली आमटी आणि खारा मासा कुठे मिळेल?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अरे, हे तर बाळंतिणीचं जेवण. सांगायचंस ना! बाळ केवढं झालं?"

आप्प्यांच्या कडा करपत होत्या.

"राहिलं नाही, मावशी."

त्यांनी विस्तव कमी केला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "शेक घेतला का तिने? की तुम्ही शिकलेली माणसं, तसलं काही करत नाही?"

का कोण जाणे, मी त्यांना फरशीचं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"कितवा दिवस?"

"सहावा."

"अजून पाच. पहिलटकरणीला अकरा." त्यांनी तोंडाला पदरासारखा पंचा लावला. "तुमच्या मधल्या टॉवरच्या जागी खामआजीचं घर होतं. सुईण होती ती. चिंचेचं लाकूड जाळायची, शेजारी फळीवर बाई निजवायची आणि मोजून अकरा दिवस विस्तव विझू द्यायची नाही. कुणाचं मूल गेलं तर घरचे म्हणायचे, आता शेक कशाला? ही त्यांच्यावर खेकसायची. म्हणायची, कूस रिकामी झाली म्हणून ती आई नाही का?"

"मग पुढे?"

"पुढे काय? घरं पाडायला यंत्र आलं तेव्हा तिच्याकडे एक पोरगी निजलेली होती. नववा दिवस. आजी दारात बसली आणि म्हणाली, दोन दिवस थांबा."

"थांबले?"

"संध्याकाळपर्यंत."

आमटी त्यांनीच करून दिली, डब्यात भरून. पैसे घेतले नाहीत.

"आजी आता कुठे असतात?" मी निघताना विचारलं.

"गेली रे. वर्षही काढलं नाही तिने."

वानिदाने त्या दिवशी ताट चाटूनपुसून खाल्लं. खाता खाता रडली, आणि रडता रडता म्हणाली, "अजून थोडा भात वाढ." मीही रडलो. तिच्या पायाला हात लावून बघितला. कोमट होता.

पुढचे दिवस मी मोजत होतो. ती मोजत नव्हती, निदान मला तरी तसं वाटलं.

अकराव्या दिवशी मी सुट्टी घेतली. दुपारभर तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो. चिंचेच्या लाकडाचा वास इतका जवळून येत होता की डोळे चुरचुरले. एकदा निखारा तडकल्याचा आवाज झाला. वानिदा झोपेत हसली.

पावणेपाचला ती उठून बसली. केस बांधले.

"झालं," म्हणाली.

आणि आंघोळीला गेली.

मी यंत्र धरलं. एकोणचाळीस. चौतीस. एकोणतीस.

सव्वीस.

वास गेला.

मी गुडघ्यांवर बसून तळहात फिरवला. डोक्याकडून पायांपर्यंत, सगळीकडे थंड, गुळगुळीत फरशी. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही हात जोडून त्या जागेला नमस्कार केला. उठण्यासाठी उजवा हात बाजूला टेकला.

तिथे गरम होतं.

त्या पट्ट्याच्या बाहेर, वानिदाच्या कुशीशी येईल अशी जागा. लहानशी. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल, तेवढीच.

"नोप." वानिदा ओल्या केसांनी मागे उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ता डोळा लागलाय."

ती आता पुन्हा कामावर जाते. पोटभर जेवते, आईशी फोनवर भांडते, माझ्या शर्टांच्या रंगांची टिंगल करते. स्वेटर कुठे ठेवलाय तेही आम्हाला आठवत नाही. भाड्याचा करार संपत आला तेव्हा एजंट मुलीचा फोन आला, शेजारच्या टॉवरमध्ये याहून मोठा फ्लॅट आहे, बघता का? आम्ही दोघं एकदमच नाही म्हणालो.

त्या जागेवर आम्ही पाय देत नाही. तिथून जाताना आवाज खाली येतो, आपोआप. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

मी मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, वानिदा कामावर गेली की, तिथे बसतो, यंत्राने ऊब मोजतो आणि पट्टीने त्या जागेची लांबी. तापमान तेच असतं. छत्तीस पूर्णांक आठ, एका दशांशाचाही फरक नाही.

लांबी मात्र चार बोटं वाढली आहे.