तळ्याकाठची कबुली

आधीच सांगते, ही गोष्ट मनाने रचलेली नाही. रचली असती तर मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं ना!

मागच्या उन्हाळ्यातली. शनिवार होता. दिवेलागणीची वेळ, म्हणजे पुरता काळोखही नाही.

जागा आमच्या शिबिराची. तळ्याकाठी उघड्यावर आमची प्रार्थनेची जागा आहे. वर छप्पर नाही, बाजूला भिंती नाहीत. लाकडी बाकांच्या रांगा, पुढे क्रूस, आणि क्रूसासमोर गुडघे टेकायला एक लांब फळी. बस्स.

मी तिथली शिबिरं चालवते. आम्ही लूथरन, ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ. आसपासच्या चर्चच्या मंडळ्यांबरोबर आमची भागीदारी असते. उन्हाळ्यात एकेक मंडळी आपली मुलं पाठवते, सोबत आपला पाळक, म्हणजे पाद्री, पाठवते. खोल्या, जेवण, तळं, खेळ आमच्याकडे. मुलांचा मोसम संपला की मोठी माणसं येतात, दोन दिवस शांत बसायला. माझा नवरा पंप, नळ, दिवे बघतो. तो म्हणतो, "तुझं निम्मं काम देवाचं आणि निम्मं गाद्यांचं." खोटं नाही ते.

आमच्या संध्याकाळच्या उपासनेची एक रीत आहे. ती नीट ऐका, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

पाहुण्या मंडळीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस पुढे येतं. फळीवर गुडघे टेकतं. आणि सगळ्यांदेखत म्हणतं, "मी देवापुढे आणि तुम्हा सर्वांपुढे कबूल करतो, मी चुकलो."

मग आपण उत्तर द्यायचं. "देव तुमच्यावर दया करो आणि तुम्हाला क्षमा करो."

उत्तराची सुरुवात शिबिराच्या माणसाने करायची. म्हणजे मी. माझ्यामागून सगळे. आणि उत्तर मिळेपर्यंत गुडघे टेकलेल्याने उठायचं नाही.

साधी गोष्ट आहे. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवेन ते वाक्य.

आता मामांबद्दल.

माझे सख्खे मामा एका मंडळीचे पाळक होते. मला या कामात त्यांनीच आणलं. उजवा गुडघा पार कामातून गेलेला. खाली बसताना तो असा वाजायचा की शेवटच्या बाकावरची पोरं खुदखुदायची. कट्! मग "हं…" असा एक उसासा. उठताना दोन्ही तळवे बाकावर, धप्प. मलमाचा वास तर मामांच्या आधी येऊन पोचायचा. "पोरी, माझं वय बघू नकोस, माझा गुडघा बघ," म्हणायचे. "तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा आहे."

असा माणूस. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

त्या शनिवारच्या आदल्या उन्हाळ्यात ते मुलांना घेऊन आले होते. एक लहान मुलगी पाण्यात कुडकुडायला लागली. मामांनी तिला उचललं, स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेलं, पांघरूण घालून झोपवलं. आणि शेजारच्या खोलीत स्वतःही आडवे झाले.

आमच्याकडे एक नियम आहे. पाण्यातून मूल बाहेर नेलं तर शिबिराच्या माणसाला तोंडी सांगायचं. कुणीही असो.

मामा विसरले.

मी मोजणीसाठी शिट्टी मारली. मुलं जोड्याजोड्यांनी हात धरून उभी राहिली. एक मुलगी एकटीच.

"माझी जोडीदार कुठे गेली?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आम्ही सगळी मोठी माणसं हातात हात गुंफून पाण्यात उतरलो. पायाने तळ चाचपडत एकेक पाऊल पुढे. दर पावलाला वाटायचं, आता पायाला काहीतरी मऊ लागेल. ते मी जन्मात विसरणार नाही. बातमी लागून मंडळीतले आईबाप धावत आले. काठावर नुसता आकांत.

गलका ऐकून मामा बाहेर आले.

"अरे, ती तर आत झोपलीये!"

मुलगी सुखरूप होती. पण लोकांचा जीव टांगणीला लागलेला, आता त्याचा संताप झाला. कुणीतरी ओरडलं, "पाळकबाबा, मग सांगितलं का नाहीत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"हिला सांगितलं होतं मी."

मी म्हटलं, नाही सांगितलं. पण पांढऱ्या केसांच्या पाळकापुढे माझं कोण ऐकणार? सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. त्या मंडळीने भागीदारी मोडली. शिबिराच्या कमिटीने मला मुलांपासून काढून चादरी धुवायला बसवलं. रस्त्यात भेटले तर लोक आपली पोरं जवळ ओढून घ्यायचे. मामा आपले मूग गिळून गप्प.

मी नवऱ्याला एवढंच म्हणायचे, "त्यांच्या तोंडून एकदा खरं बाहेर पडू दे. मला दुसरं काही नको."

हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. अंत्यविधीला मी उभी होते. डोळ्यांत टिपूस नाही.

मग उन्हाळा आला. माझ्या जागी आणलेला माणूस काम सोडून पळाला होता, म्हणून कमिटीने मला परत घेतलं. मानाने नाही, नाइलाजाने. आणि इकडे मामी आपल्या मंडळीच्या हात धुऊन मागे लागली, "ते गेले, आता तरी ही अढी सोडा." शेवटी ते लोक दोन दिवसांसाठी यायला तयार झाले. सोबत त्यांचे नवे पाळक.

तो हा शनिवार.

सगळे चहा घेत होते. मी एकटीच तळ्यावर बाकं पुसायला गेले. ऊन उतरलेलं. बेडूक तर असे ओरडत होते की कान किटावेत.

मी दुसरी रांग पुसत होते…

आणि बेडूक थांबले.

सगळे. एकदम.

काठाशी पाणी चुबुक चुबुक वाजत असतं ना, तेही थांबलं.

मी वर पाहिलं. कुणी नव्हतं.

मग वास आला… मलमाचा.

मी फडकं घट्ट धरलं. म्हटलं, कुणीतरी पाहुणा लावून आला असेल. या वयाच्या सगळ्यांचेच गुडघे दुखतात.

आणि अगदी समोर, फळीपाशी…

कट्!

"हं…"

अंगावर सर्रकन काटा आला. फळी मधोमध दबली होती. वजन पडल्यावर दबते तशी. वर कुणीच नाही.

"मी देवापुढे… आणि तुझ्यापुढे…"

मामांचा आवाज. जरा थकलेला. रविवारी दोन उपासना केल्यावर व्हायचा तसा.

"…कबूल करतो. मी तुला सांगितलं नव्हतं, पोरी."

आता तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. पळाले असेन. पळाले असते तर बरं झालं असतं!

भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याच्याही वर डोक्यात तिडीक गेली. वर्षभराच्या चादरी आठवल्या. बायकांच्या नजरा आठवल्या.

मी म्हणाले, "इथे एकट्यात काय सांगता, मामा? माझी अब्रू तुम्ही चारचौघांत घालवलीत. सांगायचं तर चारचौघांत सांगा!"

मग बाकावर दोन तळवे पडले. धप्प.

फळी सरळ झाली. बेडूक पुन्हा सुरू झाले.

मेलेल्या माणसाला मी दटावलं होतं. तेही गुडघे टेकून बसलेल्या. मी फडकं तिथेच टाकून खोल्यांकडे आले. नवऱ्याने विचारलं, "काय गं, पांढरीफटक का पडलीस?" मी म्हटलं, "ऊन लागलं." ऊन उतरून गेलं होतं.

दिवेलागणीला उपासना सुरू झाली.

सगळी बाकं भरलेली. वडीलधारी म्हणून आता मामीचा मान. ती पहिल्या रांगेत होती. नव्या पाळकांनी तिला आधार द्यायला हात पुढे केला. मामी हसून म्हणाली, "टेकेन हो मी, पण मग उठवायला तुमची अख्खी मंडळी लागेल. बसूनच म्हणते."

लोक हसले. मीही हसले.

आणि…

बेडूक थांबले.

हसणं आपोआप विरलं. एकेकाची मान वर झाली. कुणाचं तरी बाळ कुरकुरत होतं, तेही गप्प झालं.

वास आला. मला एकटीला नाही. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला.

मामीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं.

कट्!

"हं…"

"अगं बाई," मामी पुटपुटली. बस, एवढंच.

फळी दबली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"मी देवापुढे… आणि तुम्हा सर्वांपुढे कबूल करतो. मी हिला सांगितलं नव्हतं. मी विसरलो. मग लाज वाटली, म्हणून खोटं बोललो."

कुणी हललं नाही. नव्या पाळकांची तर दातखिळी बसली होती.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. सगळ्यांपुढे. शब्दन् शब्द.

आता उत्तर द्यायचं होतं. सुरुवात मी करायची होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामीसुद्धा. तिचे ओठ हलत होते. मी सुरू करते आणि ती म्हणते, अशा तयारीत होती बिचारी.

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं.

आणि मनात आलं… राहू दे अजून थोडा वेळ. राहू दे त्यांना तसंच गुडघ्यांवर.

हे लिहितानाही मला तोंड लपवावंसं वाटतं. भीतीने वाचा गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. नवऱ्यालाही तेच सांगितलं. वाचा कुठली जाते! मी मुद्दाम थांबले होते. माझ्या म्हाताऱ्या मामांचा तो दुखरा गुडघा लाकडावर टेकलेला, आणि मला आतून बरं वाटत होतं.

थोडाच वेळ. एक श्वास, दोन श्वास.

"म्हण ना गं," मामी हळूच म्हणाली.

मी म्हणणार, तोच काठाशी पाणी वाजलं. चुबुक. बेडूक सुरू झाले. वास गेला.

"देव तुमच्यावर दया करो," मी घाईघाईने म्हणाले. माझा मलाच आवाज खोटा वाटला. मागून दोनचार जण कसेबसे बोलले. बाकीचे गप्प.

पण बाकावर तळवे पडले नाहीत. मी कान देऊन ऐकत होते. उठल्याचा आवाज आला नाही.

नंतर जो तो वेगळंच सांगत होता. कुणी म्हणे आवाज ऐकला, कुणी म्हणे नुसतं शांत झालं होतं. नवे पाळक म्हणाले, फळी जुनी आहे, लाकूड बोलतं. पण दुसऱ्या दिवशी त्या मंडळीतली मोठी माणसं एकेक करून माझ्याकडे आली. "आम्ही चुकलो, बाई." पुढच्या उन्हाळ्याला मुलं पाठवायचं ठरलं. भागीदारी जुळली. कमिटीच्या अध्यक्षांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. प्रत्येक हात हातात घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

निघताना मामी गाडीत बसली. मी खिडकीपाशी गेले. वाटलं, चिडेल, बोलेल. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"वेळेवर म्हटलं असतंस तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली.

पुढे काही दिवसांनी तिचा फोन आला.

"कामात आहेस का?"

"नाही मामी, बोल."

"ते घरी आलेत."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"त्यांच्या खोलीत," मामी म्हणाली. आवाजात भीती नव्हती, नुसती काळजी. "संध्याकाळी गुडघा वाजतो. मग हं करतात. आणि तसेच राहतात गं. उठत नाहीत. मी म्हणून पाहिलं. किती वेळा म्हणून पाहिलं. माझ्याने होत नाही."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. खोली झाडूनपुसून ठेवलेली. पलंग, खुर्ची, खुंटीवर त्यांचा कोट. दारात उभी राहून मी ते वाक्य म्हटलं. अगदी मनापासून. रडत रडत. "मामा, मी क्षमा केली, उठा हो," असंही म्हटलं, जे आमच्या रीतीत नाही.

मामी भिंतीला कान लावून उभी होती.

"उठले?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. शिबिरं जोरात चालू आहेत. मी दर रविवारी दुपारची उपासना आटोपून मामीकडे जाते. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघी काहीबाही बोलत बसतो. मग मी त्या दारात उभी राहून म्हणते. मामी ऐकते. पुष्कळ वेळ ऐकते.

मग पदराने डोळे पुसते आणि म्हणते, "चल, जेवून जा."