पोटातला शिंपी

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. कारण यातली सुरी माझी आहे.

आमच्या मिरजेत आता पोटात सुरी खुपसणं म्हणजे कानफटात मारल्यासारखं. त्याला टोचणं म्हणतात. लग्नात मानपानावरून टोचतात, गाडी लावण्यावरून टोचतात. पोलीस नुसती समज देतात. कारण शाळेतच सगळ्यांना शिंपी पाजतात. शिंपी म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला जंतू. आतड्यात राहतो. पोटातली शीर कापली की रक्तात शिरतो, तिथं गुठळी करून भोक बुजवतो आणि तासाभरात मरतो. माणूस संध्याकाळी मिसळ खायला मोकळा.

नियम एकच. सुरी पुसून टोचायचं. एकाचा शिंपी दुसऱ्याच्या रक्तात जाता कामा नये. न पुसता टोचलं तर खुनाचा प्रयत्न, दहा वर्षं.

रविवारी कबड्डीत माझा दोस्त हणम्या म्हणाला, "गज्या, पाय बाहेर होता तुझा."

"आंधळा हायस काय?"

"बाहेर होता, रड्या!"

पोरं हसली. मी खुपसली. बेंबीच्या वर, मुठीपर्यंत, आणि आत फिरवली पण. सकाळी त्याच सुरीनं शेजारच्या बापूला टोचलं होतं. पुसली नव्हती.

"झालं समाधान?" हणम्या रक्त दाबत हसला.

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात. अंगात हुडहुडी, पोट फुगून दगड, डोळे पिवळे, गुरासारखा ओरडत होता. डॉक्टर मुजावर मॅडमनी मला बाहेर नेऊन पडद्यावर दाखवलं.

"आतड्यातलं रक्त यकृताकडं नेणारी ही शीर. गुठळ्यांनी गच्च झालीय. शिंपी मरतच नाहीयेत, शिवत सुटलेत. सुरी पुसली होतीस?"

"हो."

"नक्की? मग नुसतं रक्त पातळ करते. पण दुसऱ्याचा शिंपी मिसळला असेल तर सगळे मारावे लागतील, नाहीतर हा वाचत नाही. हा कायमचा कोरा होईल. नवा डोस लागू पडत नाही. पुढची सुरी म्हणजे मरण."

आत हणम्या आईला हाका मारत होता.

"नाही पुसली," मी म्हणालो. मॅडमनी ते पोलिसांच्या कागदावर लिहून घेतलं.

हणम्या वाचला. काल भेटलो.

"कोरा झालो रं. आता कुणी गाडीवरून भांडलं तरी मेलो."

"मी हाय की बरोबर. सुरी घेऊन."

"तुझीच भीती वाटती, भावा."



"मी पण कोरा होऊ?"

"सोमवारी जेलात जाणार तू. तिथं जेवणाच्या रांगेवरून टोचतात."

"म्हाईत हाय."

"मग दे शब्द."

दिला. शिंपी मारायचं औषध उद्या घेतोय.