तळ्याकडचं वळण

धुक्यातून तो एकदम समोर आला, तेव्हा माझी घोडी भरधाव होती. मी लगाम खेचला. घोडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि तो मात्र चष्मा पुसत तसाच उभा.

"ट्रॅकच्या मधोमध काय करताय?" मी विचारलं.

"इतिहास लिहितोय... या रेसकोर्सचा."

"मग कडेला उभं राहून लिहा. नाहीतर इतिहासजमा व्हाल."

तो हसला. त्या गारठ्यातही माझे कान गरम झाले — उगाच.

मग तो रोज सकाळी येऊ लागला. बाबांचा तबेला ट्रॅकला लागूनच. मी घोडीला खरारा करायचे आणि तो सांगत बसायचा. एवढ्या उंचावर सपाट जमीन कुठली? पलटणीतल्या लोकांनी डोंगराचा माथा कापला, निम्मं तळं बुजवलं, तेव्हा कुठे हा ट्रॅक झाला. पहिल्याच शर्यतीत खालून आणलेले नामी घोडे विरळ हवेत धापा टाकत मागे पडले आणि ओझी वाहणारं एक डोंगरी तट्टू जिंकलं. हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे, जणू तट्टावर तोच बसला होता. माझा खरारा मग लवकर संपायचाच नाही.

मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्या जॉकीचं मनगट मोडलं. मी बाबांना म्हटलं, मी बसते. त्यांनी मान हलवून नकार दिला. तरुणपणी तळ्याकडच्या वळणावर ते पडले होते, तेव्हापासून लंगडतात. मोठ्या शर्यतीत इथे कधी बाई उतरली नव्हती, पण बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना माझी काळजी होती.

तेव्हा दारात ऐकत उभा असलेला तो पुढे झाला. म्हणाला, त्या वळणाची आतली बाजू म्हणजेच बुजवलेलं तळं. पाऊस झाला की वर हिरवळ दिसते, खाली चिखल असतो. आजवर जे पडले, ते तिथेच पडले.

बाबांनी आपल्या लंगड्या पायावरून हात फिरवला. "त्या दिवशीही पाऊस होता," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाहेरून घे. अंतर वाढलं तर वाढू दे."

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून पावसाची रिपरिप. वळणावर सगळे आतल्या कठड्याला चिकटले. मी एकटी बाहेरून. लोक हसले म्हणे. पण आतले घोडे चिखलात रुतायला लागले आणि माझी घोडी टणक जमिनीवर अशी सुटली... शेवटच्या खांबाशी माझ्यापुढे फक्त पाऊस होता.

बाबा लंगडत धावत आले. त्यांना धावताना मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या मागोमाग तो, ओलाचिंब.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "पुस्तक... कधीच लिहून झालंय."

"मग रोज कशासाठी यायचास?" मी पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं होतं.

"तुझ्यासाठी."

"आणि हे सांगायला इतके दिवस?"

"तुझ्या हातात चाबूक असायचा."

मी चाबूक बाबांकडे दिला आणि त्याचा गार पडलेला हात हातात घेतला — सगळ्या रेसकोर्ससमोर.

बाबा खाकरले. "घोडी घामाघूम झालीय. उभी ठेवू नका. फिरवून आणा तिला," ते म्हणाले, "दोघं मिळून."