रिकाम्या हॉलचे आकडे

आमच्या ऑफिसात आवाज मोजतात. कारखान्याचा, रस्त्याचा, शेजाऱ्याच्या जनरेटरचा, कुणाचाही. दोन खोल्या, तीन टेबलं, कपाटात मायक्रोफोन आणि दारावर इतक्या बारीक अक्षरांची पाटी की गिऱ्हाइकं आधी खालच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन येतात. आलेल्या आकड्यांचे अहवाल करणं हे माझं काम. घरात मला 'मीटर' म्हणतात. हे नाव बाबांनी ठेवलं. जन्मभर गळ्यात टेप अडकवून फिरलेला माणूस दुसऱ्याला मोजण्यावरून चिडवतो आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नाही.

बाबा शिंपी. दुकान आता बंद केलंय, पण दुकानात आलेली माणसं त्यांनी सोडलेली नाहीत. पोट आत ओढून माप देणारा जाड्या, नवऱ्याच्या पँटची उंची स्वतः ठरवणारी बायको, "मागच्याच मापाने शिवा" म्हणणारा आणि मधल्या काळात दुप्पट झालेला वकील, ही सगळी मंडळी बाबा हुबेहूब उभी करतात. घरात, जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. आमची हसून हसून पुरेवाट होते. पण अलीकडे ते हसणं त्यांच्यापर्यंत नीट पोचत नव्हतं. कानात यंत्रं घातली तर थोडंफार पोचायचं, तेही पत्र्यावर वाजल्यासारखं. कानाच्या डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, "जे ऐकायचंय ते या वर्षात ऐकून घ्या."

घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "मला एकदा भरलेला हॉल हसताना ऐकायचाय. बस, एकदाच."

हे आत्याच्या कानावर जायचा अवकाश. आत्या बाबांची धाकटी बहीण. तिने एक बंद पडलेलं छोटं सभागृह भाड्याने घेऊन वर्षभर त्याच्या डागडुजीत स्वतःला गाडून घेतलं होतं. नव्या खुर्च्यांवर तिचा भारी जीव. "माणूस उठला की आपोआप वर जातात," असं प्रत्येकाला सांगायची, आणि लगेच एकीवर बसून, उठून दाखवायची. टक! ती म्हणाली, "पहिला कार्यक्रम दादाचा. रविवारी दुपारी. ठरलं!"

ठरलं खरं, पण परवाना यायचा होता. परवान्यासाठी रिकाम्या हॉलमधला आवाज मोजून द्यावा लागतो. ते काम घरचंच. माझा सहकारी साप्ताहिक सुट्टीच्या शांत दुपारी गेला, एक माइक स्टेजवर आणि एक खुर्च्यांच्या मधोमध ठेवला, दाराला कुलूप घालून पायरीवर बिस्किटं खात बसला आणि तासाभराने मोजणी घेऊन आला. या सहकाऱ्याला आम्ही 'डबलक्लिक' म्हणतो, कारण तो लिफ्टचं बटणसुद्धा दोनदा दाबतो. आल्यावर म्हणाला, "आत्यांना सांग, मागच्या रांगेतल्या स्प्रिंगा बघून घ्या. कुलूप काढलं तेव्हा पाच-सहा खुर्च्या खालीच होत्या."

अहवाल झाला. त्यात एक चार्ट होता: दोन रेषा, एक निळी, एक हिरवी, दोन्ही झोपलेल्या. मी खूश होते. शुक्रवारी सकाळी आत्याचा फोन आला.

"अगं, परवान्याच्या साहेबांना चित्र नकोय. प्रत्येक सेकंदाचे आकडे हवेत म्हणे. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर रविवारी कुलूप."

"एवढंच ना? पाठवते."

मूळ फाईल उघडली तर आत एका पिठाच्या गिरणीचे आकडे. डबलक्लिकच्या प्रत्येक फाईलचं नाव 'अंतिम' असतं. गिरणीची फाईल त्याने हॉलच्या फाईलवर साठवली होती, आणि "जुनी पुसू का?" या प्रश्नाला नेहमीच्या सवयीने दोनदा हो म्हटलं होतं. मायक्रोफोनमधली नोंदही त्याने रिकामी केलेली. मी डोक्याला हात लावला. परत मोजायची सोय नव्हती. हॉलच्या शेजारच्या प्लॉटवर गुरुवारपासून खडक फोडायला सुरुवात झाली होती.

डबलक्लिकचा चेहरा एवढासा झाला. "मी साहेबांच्या हातापाया पडू का?"

"तू फक्त माउसला हात लावू नकोस," मी म्हटलं.

अहवालात चिकटवलेला चार्ट शाबूत होता, आणि चार्टची एक खोड मला माहीत होती. मूळ फाईल गेली तरी ज्या आकड्यांवरून रेषा काढल्या ते आकडे तो पोटात धरून बसतो. नुसते मागितले तर देत नाही. मॅक्रो लिहून विचारलं की एकेक सांगतो. मॅक्रो म्हणजे स्प्रेडशीटला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी: या चार्टमधली पहिली रेषा घे, तिच्या प्रत्येक बिंदूचा आकडा कोऱ्या पानावर खाली खाली उतरव, मग पुढची रेषा घे, शेजारच्या स्तंभात उतरव, रेषा संपेपर्यंत करत राहा. दहा-बारा ओळींचं काम. लिहिला, चालवला. पान भराभर भरलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग दिसलं की स्तंभ तीन आहेत.

पहिले दोन बरोबर होते. चार्टवरच्या रेषांशी मी ते जागोजागी ताडून पाहिले. तिसऱ्या स्तंभाला नाव नव्हतं, आणि चार्टवर त्याची रेषाही नव्हती. अशी न दिसणारी रेषा असू शकते. कुणीतरी तिचा रंग काढून टाकलेला असतो. मी रंग देऊन पाहिला. काहीच उमटलं नाही.

"तिसरा माइक लावला होतास?"

"कपाटात दोनच तर होते," डबलक्लिक म्हणाला.

मॅक्रो दुसऱ्या अहवालावर चालवला. दोन रेषा, दोन स्तंभ. पुन्हा हॉलच्या अहवालावर चालवला. तीन. मी साहेबांना दोन माइकचे दोन स्तंभ पाठवून दिले, कारण तेच खरे होते. संध्याकाळपर्यंत परवाना आला. आत्या फोनवर इतक्या मोठ्याने ओरडली की बाबांना यंत्राशिवाय ऐकू आलं.

तिसरा स्तंभ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी त्याचा वेगळा आलेख काढून कागदाच्या लांब पट्टीवर छापला. आवाज मोजणाऱ्याला रेषेत आवाज दिसतो. पंखा सपाट असतो. पाऊस दाट असतो. हसू कसं दिसतं तेही मी ओळखते: एकदम उंच, मग तुटत तुटत खाली, आणि कुणीतरी उशिरा हसलं की मध्येच एक लहान टेकाड. पट्टीभर हसूच हसू होतं. मध्ये एक लांब सपाट जागा, तिच्यानंतर सगळ्यात उंच हसू. शेवटी टाळ्यांचा डोंगर. मग शांतता. मग आणखी एक डोंगर, पहिल्यापेक्षा थोडा उंच. आणि त्याच्यापुढे बारीक, सुटे काटे, एकामागून एक, पट्टी संपेपर्यंत. ते कशाचे, ते मला ओळखता आलं नाही.

रिकाम्या, कुलूपबंद हॉलचा आवाज होता तो. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्या पट्टीकडे बघून मला हसूच येत होतं. इतकी मजा चालली होती तिच्यात.

रविवारी हॉल भरला. शेजारच्या प्लॉटवर सुट्टी होती. बाबांची जुनी गिऱ्हाइकं आली, डॉक्टरबाई आल्या, आमच्या इमारतीतले एकमेकांशी न बोलणारे दोन शेजारी एकाच रांगेत बसले. आत्या दारात उभी राहून जो येईल त्याला खुर्चीचं वर जाणं समजावत होती. विंगेत बाबा लोकरीची टोपी कानांवर ओढून येरझाऱ्या घालत होते. पहिलं सोंग थंडीने कुडकुडणाऱ्या गिऱ्हाइकाचं होतं. त्यांनी यंत्रांची गोल डबी माझ्या हातात दिली.

"सांभाळ गं, मीटर."

"बॅटऱ्या नव्या घातल्या ना?"

त्यांनी मान हलवली. मी डबी बॅगेत टाकली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारची खुर्ची डबलक्लिकसाठी धरली होती, पण तो दारात तिकिटं फाडत होता, दोनदोनदा. तिच्यावर बॅग ठेवली. मांडीवर आवाज मोजायचं मीटर, हातात पट्टी. भरलेल्या हॉलचीही मोजणी आत्याला हवी होती, म्हणून मीटर. पट्टी का आणली होती, ते मला सांगता आलं नसतं.

पहिलं हसू पट्टीवर होतं तिथे आलं.

दुसरंही. उंचीसुद्धा तीच. मी बोट पट्टीवरून पुढे सरकवत गेले आणि हॉल बोटाच्या मागोमाग हसत गेला. जाड्याच्या पोटाला हसला, बायकोच्या "दोन बोटं वर, नाही, खाली, नाही, वर"ला हसला. बाबा प्रत्येक हसू संपायची वाट बघत, शेवटचा रेंगाळलेला हसणारा थांबला की बरोबर त्याच क्षणी पुढचं वाक्य टाकत. इतकं अचूक मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं! माझे डोळे भरून आले आणि पट्टी दिसेनाशी झाली.

वकिलाच्या वेळी बाबा अडकले.

टेप वकिलाच्या कमरेपर्यंत गेली आणि हवेत तशीच राहिली. वाक्य आठवेना. हॉल गप्प. मागे कुणीतरी खोकलं. आत्याने तोंडावर हात ठेवला.

मग मी डोळे पुसून पट्टीकडे पाहिलं. माझं बोट त्या लांब सपाट जागेवर होतं. पुढे काय आहे ते मला माहीत होतं, आणि एवढ्या चिडीचूप हॉलमध्ये मी एकटी फिसकन हसले.

बाबांनी माप घ्यायला वाकून पाहिलं, आणि त्यांच्या स्वतःच्या पँटचं बटण तुटलं. ते स्टेजवर पडलं, उभं राहिलं आणि घरंगळत थेट कडेपर्यंत आलं. बाबांनी ते जाताना शेवटपर्यंत पाहिलं. मग पँट एका हाताने धरून, लोकांकडे वळून, गंभीरपणे म्हणाले, "शपथेवर सांगतो, ही मी शिवलेली नाही."

ते दोन शेजारी एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले.

टाळ्या झाल्या. खूप झाल्या. मग खुर्च्या टकाटक वर गेल्या, माणसं बाहेर अंगणात चहाला गेली, आत्या त्यांच्यामागे गेली. बाहेरून गलका येत होता. आत मी आणि बाबा. ते स्टेजच्या कडेला बटण शोधत होते.

बटण सापडलं. ते सरळ झाले आणि समोर पाहून थबकले.

मग कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला.

मला वाटलं, गंमत करतायत. पण ते तसेच वाकून राहिले, छातीवर हात ठेवून, लहान मुलासारखे खुललेले.

मांडीवरच्या मीटरचा आकडा चढत होता.

बाहेरच्या गलक्याशिवाय मला काहीही ऐकू येत नव्हतं. आकडा आधीच्या टाळ्यांपर्यंत पोचला आणि त्यांच्या थोडा वर जाऊन थांबला.

"पुरे, पुरे," बाबा म्हणाले. "काय माणसं आहेत! जायचं नाव घेत नाहीत."

ते खाली आले. टोपी काढली. "डबी दे. रस्त्यात हॉर्न तरी ऐकू यायला हवेत."

मी बॅग मांडीवर घेऊन डबी काढली. ती हलवल्यावर वाजली. उघडली, तर दोन्ही यंत्रं आत होती.

"तुम्ही ही घातलीच नव्हती?"

बाबांनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्याने बोल की."

"यंत्रं! घातली नव्हती?" मी ओरडले.

"गर्दीत शिट्ट्या मारतात गं. म्हटलं, नकोत." ते हसले. इतकं मनापासून हसताना मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते. "आणि गरज कुठे पडली? किती लख्ख ऐकू आलं! शेवटच्या रांगेतला तो एक उशिरा हसणारा, तोसुद्धा."

मी मागे वळले. मघाशी वर गेलेल्या खुर्च्या सगळ्या खाली होत्या.

टक.

शेवटच्या रांगेतली एक वर गेली. मग तिच्या शेजारची. मग आणखी दोन, थोडं थांबून, जशी माणसं एकमेकांना वाट देत उठतात तशी. पट्टीवरचे बारीक काटे मला आता ओळखता आले.

"सावकाश," बाबा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत, यजमानाच्या मायेने म्हणाले. "पायऱ्या आहेत तिथे. परत या हं."

रांगेमागून रांग रिकामी होत पुढे आली. मी पट्टीवरचे काटे बोटाने मोजत होते. पट्टीवर शेवटचा एक काटा उरला होता.

बॅग माझ्या मांडीवरच होती. शेजारची खुर्ची अजून खाली होती.

टक.