नववा ठोका

कात्रीबाईंना खरं नाव होतं, पण ते ओळखपत्रापुरतंच. एकतीस वर्षं एकाच दिग्दर्शकाचे चित्रपट कापत-जोडत बसलेल्या बाईला स्टुडिओ दुसरं काय म्हणणार? बाई कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. सगळं आयुष्य भुताखेतांच्या चित्रपटांत गेलं, पण भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. "भूत म्हणजे चुकलेला कट," असं म्हणायच्या आणि चष्मा पुसून कामाला लागायच्या.

त्या सकाळीही त्या कामालाच लागल्या होत्या. संकलनाची खोली अरुंद. खिडकीला काळा कागद, टेबलावर मशीन, मशीनशेजारी गार झालेला चहा. साहेबांचा शेवटचा चित्रपट कापून तयार होता, आठ दिवसांत त्याच्या प्रती निघायच्या होत्या. राहिला होता तो फक्त ठोका.

तो ठोका कोणाला माहीत नव्हता? साहेबांच्या प्रत्येक रहस्यपटात शेवटी एक बंद दार असायचं आणि आतून ते कोणीतरी ठोठावायचं. नऊ ठोके. दार कधीच उघडायचं नाही. प्रेक्षक घरी जाऊन आपापल्या कड्या दोनदा तपासायचे. पण तो आवाज दर वेळी एकाच टेपवरून येतो, हे फक्त दोघांना ठाऊक होतं, साहेबांना आणि बाईंना. पत्र्याची चपटी डबी, झाकणावर साहेबांच्या अक्षरात तांबड्या पेन्सिलने लिहिलेलं 'दार'. आत अठरा सेकंदांचा तुकडा, साहेबांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळचा. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा.

बाईंनी टेप लावली. बोटं सवयीने मोजू लागली. सात, आठ, नऊ, दहा.

"अगं बाई!" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

टेप उलटी फिरवून पुन्हा लावली. पुन्हा दहा. दहावा जरा घाईचा होता. असेल, वय झालं, झोप धड नाही, त्यात निर्मात्याची रोजची कटकट. माणूस मोजायला चुकतो. त्यांनी मागच्या चित्रपटाची प्रत काढून ऐकली, तिथे नऊच होते. टेप डबीत, डबी कपाटात आणि किल्ली पर्समध्ये टाकून बाई घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी चौदा ठोके होते. टेप एकोणतीस सेकंद चालली.

आता मात्र बाईंनी मोठा दिवा लावला आणि टेप इंच इंच बोटांतून सरकवली. जोड कुठेच नव्हता. शेवटी तोच तिरपा काप होता, साहेबांनी त्या काळी दाढीच्या पात्याने घेतलेला, एका कोपऱ्यात जरासा कुरतडलेला. तो कोपरा बाई एकतीस वर्षं ओळखत होत्या. टेप टोकाला जोडलेली नव्हती. ती मधूनच कुठेतरी वाढली होती, केस वाढावेत तशी.

कोणाची मस्करी म्हणावी तर किल्ली त्यांच्याकडे. बाईंनी साहेबांना फोन लावला.

तिसऱ्या दिवशी साहेब काठी टेकत, जिन्यावर दोनदा थांबत वर आले. एके काळी या माणसाच्या नावावर चित्रपटगृहांबाहेर रांगा लागत, आणि त्याच्या हाताखाली काम केलेले नट त्याचं नाव निघालं की कानाला हात लावत. पडद्यावरची भीती खरी हवी, हा साहेबांचा हट्ट. त्या हट्टापायी एका नटीने कोर्टात खेचलं, मुलीने बोलणं टाकलं, आणि एवढं करून शेवटचे तीन चित्रपट सपशेल आपटले. हृदयावर एक शस्त्रक्रिया झाली. चार महिन्यांपूर्वी वहिनी, साहेबांची बायको, गेल्या. तिसऱ्या आठवड्यात साहेब सेटवर हजर! लोक म्हणाले, दगड आहे. बाईंना तसं वाटलं नव्हतं. त्यांनी साहेबांना त्या दिवसांत रिकाम्या खुर्चीशी बोलताना पाहिलं होतं.

"लाव," साहेब बसत म्हणाले.

बाईंनी टेप लावली. त्या दिवशी सतरा ठोके होते. सतरावा ठोका मुठीचा नव्हता, उघड्या तळव्याचा होता.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला.  ते म्हणाले, "हे मी फेकलं होतं, गं."

"काय फेकलं होतंत?"

"नवव्या ठोक्यापुढचं."

मग त्यांनी सांगितलं. पहिला चित्रपट, खिशात दमडी नाही, आणि नायिका म्हणजे पुढे त्यांची बायको झालेली ती. स्टुडिओच्या मागची सामानाची खोली. तिला आत कोंडायचं, बाहेरून कडी घालायची, माइक दाराला लावायचा. तिला लहानपणापासून बंद जागेची धास्ती होती, म्हणूनच तर तिला निवडलं होतं. ठरलं होतं असं, की तिने नऊ वेळा ठोकायचं आणि नवव्या ठोक्याला साहेबांनी दार उघडायचं.

"आणि?"

"आवाज फार सुंदर येत होता," साहेब म्हणाले. "मी उघडलं नाही. रीळ संपेपर्यंत बसून राहिलो. अकरा मिनिटं."

बाईंना एकदम वहिनींचं घर आठवलं. त्या घरात एकाही दाराला कडी नव्हती, न्हाणीघरालासुद्धा. पाहुणे थट्टा करत आणि वहिनी हसून उजव्या हाताची सुजरी बोटं चोळत.

"अहो, माणूस आहात की कोण?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. एकतीस वर्षांत त्या साहेबांशी असं बोलल्या नव्हत्या. "आणि उघडल्यावर काय म्हणाल्या त्या?"

"अनवाणी बाहेर आली. घामाने भिजलेली." साहेब काठीच्या मुठीकडे बघत होते. "म्हणाली, 'नीट आलं का?'"

 रिकामं रीळ फिरत होतं, ते बाईंनी हाताने थांबवलं.

"मी उत्तर दिलं नाही," साहेब म्हणाले. "माइक गुंडाळत होतो. नंतर चाळीस वर्षांत तिने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आता ऐक. शेवट बदलायचा. या चित्रपटात दार उघडेल."

निर्माता फोनवर ओरडला तो टेबलाच्या पलीकडून बाईंना ऐकू आला. "साहेब, अहो, दार उघडत नाही म्हणून तर लोक तिकीट काढतात!"

"चाळीस वर्षं काढली. पुरे झालं."

"सहाच दिवस राहिलेत! त्यात तुमची तब्येत..."

"मला अर्धा दिवस हवाय. देत नसशील तर चित्रपटावरून माझं नाव काढ." साहेबांनी फोन ठेवला. 

नाव काढून चित्रपट कोण बघणार? निर्मात्याने झक मारत अर्धा दिवस दिला.

सामानाची खोली अजून तिथेच होती. जुने पडदे, मोडक्या खुर्च्या, एक लाकडी खोका, आणि बाहेरून लोखंडी कडी असलेलं तेच जाड दार. सकाळचे अकरा वाजले होते, पत्र्यावर ऊन तापत होतं. कॅमेरामनने दारासमोर कॅमेरा लावून चालू करून दिला आणि साहेबांनी त्याला बाहेर घालवलं. माइक दाराला, टेपरेकॉर्डर बाईंच्या पायाशी.

"आत कोण जाणार?" बाईंनी विचारलं, तरी उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"मी."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर चित्रपट काढत नाहीत." साहेब उंबऱ्याशी थांबले. "कात्रीबाई, नवव्याला उघडायचं. आवाज कितीही चांगला येत असला तरी. दहावा होता कामा नये. वचन दे."

"दिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी कडी घातली आणि हात कडीवरच ठेवला.

थोडा वेळ काहीच नाही. मग पहिला ठोका.

दुसरा.

तिसऱ्याला बाईंच्या अंगावर काटा आला. आवाज दाराच्या लाकडातून थेट तळव्यात येत होता. एकतीस वर्षांत असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये तो इतका स्वच्छ, इतका खोल येत होता की त्यांना वाटलं, आणखी थोडा हवा.

सहा. सात.

आणखी थोडाच. असा आवाज पुन्हा कुठे मिळणार?

आठ.

आणि त्याच क्षणी बाईंना साहेब समजले, स्वतःची किळस आली, आणि नववा पडताच त्यांनी दोन्ही हातांनी कडी खेचली.

दार उघडलं.

साहेब समोरच्या भिंतीपाशी, खोक्यावर बसले होते. काठी मांडीवर आडवी. दारापासून चांगली दहा-बारा पावलं लांब. ते अजून दम खात होते.

"का उघडलंस?" त्यांनी विचारलं. "मी तर अजून उठलोही नाही."

"नऊ झाले," बाई म्हणाल्या.

 साहेबांनी पाय हळूच जवळ ओढून घेतले, अडचणीच्या जागेतून कोणाला जायला वाट द्यावी तसे. मग उघड्या दाराकडे बघत राहिले.

दुपारी दोघं पुन्हा संकलनाच्या खोलीत बसली. बाईंना एकच गोष्ट बघायची होती. नवी टेप नको, आधी जुनी. तांबड्या पेन्सिलची डबी. त्यांनी टेप लावली आणि साहेबांनी काठी भिंतीला टेकवून डोळे मिटले.

नऊ ठोके.

दहावा नव्हता. त्याच्या जागी कडी खेचल्याचा आवाज आला.

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या टेपवर दार करकरलं. अनवाणी पावलं फरशीवरून माइकजवळ आली. थांबली. आणि धापा टाकत वहिनींचा तरुण आवाज म्हणाला, "नीट आलं का?"

बाईंचा हात बटणाकडे गेला.

"थांब," साहेब म्हणाले.

टेप फिरत राहिली. मग एक म्हातारा आवाज आला, दमेकऱ्याचा, जिना चढून आल्यासारखा. "आलं. फार छान आलं. चल."

बाईंनी वळून बघितलं. साहेबांचे ओठ मिटलेले होते.

त्यांनी डोळे उघडले. घाबरलेले नव्हते. एखादं मोठं काम हातावेगळं झाल्यावर माणूस दिसतो, तसे दिसत होते. "हेच लाव चित्रपटाला," ते म्हणाले. "आजच्या आज. पण दार उघडेपर्यंतच घे. पुढचं आमचं आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. रडू येत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. मशीन बंद केलं, टेप उतरवली, पातं उचललं आणि कडीच्या आवाजानंतर नेमका तिरपा काप दिला.

"काठी देतेस का गं?"

त्यांनी काठी दिली. साहेब दार उघडं टाकून बाहेर पडले. बाई कापलेला तुकडा हातात धरून ऐकत राहिल्या. लांब बोळातून काठीचा आवाज दूर जात होता. जिन्यापाशी तो थांबला नाही. आणि दर दोन ठोक्यांच्या मध्ये, जरा पुढे, अनवाणी पावलं वाजत होती.