मला राजा म्हणणारं कोणीतरी

बसा हो. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय लंगडा आहे. खोक्यावर बसा. तुमच्या पंख्याची वाइंडिंग झालीय, वार्निशही मारलंय, पण ते सुकल्याशिवाय मी पंखा जोडायचा नाही. घाई केली की पुन्हा जळेल आणि तुम्ही माझ्याच नावानं खडे फोडाल. हा दिवा कॉइलपाशी असाच राहू दे, त्याच्या उबेनं सुकतं. अंधार वाटतोय? मोठा दिवा मी संध्याकाळी लावत नाही. मागं स्वयंपाकघराच्या दाराखालून उजेड येतो का, ते इथून नीट दिसावं म्हणून.

हसू नका. सांगतो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच सांगतो.

मी प्यायचो. चवीपुरतं नाही, चांगलं पडेपर्यंत. हात कापायला लागले, तार गुंडाळताना तुटायला लागली, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागलं. शेवटी बायकोनं दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयानं लहान, पण खमकी. म्हणाली, "ही गोळी दारू सोडवत नाही, सोडायची तुम्हीच. पण पिण्याचा विचार डोक्यात सारखा पिंगा घालतो ना, त्याचा जोर ती कमी करेल. आणि एक ऐका. तो विचार मोठा वकील आहे. गोळी बंद करायला फार शहाणी कारणं काढेल. कारण कितीही चांगलं वाटलं तरी आधी मला येऊन सांगायचं."

मी मान डोलावली. म्हटलं, विचार तो विचार, वकील कसला!

पण होतं बरं का कोणीतरी. शटर अर्धं ओढलं की डोक्यात यायचं, "राजा, दमलास ना? तुझं कोण ऐकतं या घरात? एकच घे." राजा! मला आईनंही कधी राजा म्हटलं नाही. इतकी वर्षं मी ते माझंच मन समजत होतो. गोळी सुरू झाली आणि एका संध्याकाळी शटर ओढून मी उभा राहिलो, तर काहीच नाही. घरात मोटर चालू असते तेव्हा तिचा आवाज कळत नाही, बंद पडली की कळतो, तसं झालं. डोकं रिकामं, स्वच्छ. हात स्थिर. तार सरळ.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खूप सुनं सुनं वाटलं. वाटलं, गेलं ते गेलं कुठं?

घरात आम्ही दोघंच. बायको कपडे शिवते, मशीन स्वयंपाकघरातच आहे. दिवसभर खडखड चालायची. त्याच सुमारास ती संध्याकाळी दार लावून घ्यायला लागली. मशीन बंद. आणि आतून कुजबुज... मग हसू. अहो, हसू! लग्न नवं होतं तेव्हा ती तशी हसायची. तोंडावर हात ठेवून, गळ्यातल्या गळ्यात. मी तर समजत होतो की तिला ते हसू आता येतच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात आलं ते काही चांगलं नव्हतं, लपवून काय करू? बोळातून मागं गेलो, खिडकीच्या गजांतून पाहिलं. आत ती एकटी. अंधारातच मशीनसमोर बसलेली, मान किंचित कलती, कोणी कानाशी बोलत असावं तशी.

ती बाहेर आल्यावर विचारलं, "कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी बोलणार? पाच मिनिटं एकटीला बसू द्या की!" असं फाडकन म्हणाली, आणि नजर चुकवली.

पाच मिनिटं. हे माझं वाक्य होतं. ती दुकानाच्या दारात जेवायला बोलवायला यायची आणि बाटली पायाआड सरकवून मी हेच म्हणायचो, ह्याच तोऱ्यात. 

हळूहळू सगळंच माझं तिच्यात दिसायला लागलं. लोकांचे कपडे गाठोड्यात पडून राहिले. आज देते, उद्या देते. भाजी करपली तरी पत्ता नाही. गालफडं बसली, डोळे मात्र चमकदार. तोंडाचा वास घेतला मी एकदा, ती झोपलेली असताना. काही नाही. पाण्याखेरीज थेंब जात नव्हता हो तिच्या पोटात! डॉक्टरीणबाई म्हणाली, त्यांनाही घेऊन या. तर ही माझ्यावरच उखडली. "मला काय झालंय? मी पिते का?" हेही माझंच.

मग मी काय केलं, ऐका. मोटरचं बेअरिंग गेलंय का हे आम्ही कसं ओळखतो ठाऊक आहे? स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. आतलं सगळं ऐकू येतं. एका संध्याकाळी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, चोरासारखा गेलो आणि टोक स्वयंपाकघराच्या दाराला टेकवलं.

आधी घरघर. मग स्पष्ट...

"राणी, दमलीस ना? तुझं कोण ऐकतं या घरात?"

तोच आवाज. तेच लाडीगोडीचं बोलणं. माझं! इतक्या वर्षांचं माझं!

दुसरा कोणी घाबरला असता. मी जळलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ते माझ्या बायकोला राणी म्हणतंय म्हणून जळलो, की मला सोडून तिच्याकडे गेलं म्हणून, हे मला त्या वेळी कळलं नाही. अजूनही नाही. मी मुकाट्यानं इथं येऊन बसलो आणि तुमच्यासारख्या कोणाचा तरी पंखा उगाच खोलून ठेवला.

तेव्हाच डोक्यात आलं. गोळीनं त्याला माझ्यातून हाकललं, म्हणून ते तिच्यात गेलं. गोळी थांबवली तर ते माघारी येईल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, ती सुटेल. बायकोसाठी एवढं करायला नको? डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवत होतं, नाही असं नाही. पण हे कारण वेगळं होतं. हे खरंच चांगलं कारण होतं.

तेव्हापासून बायको गोळी द्यायची, मी जिभेखाली धरायचो आणि मोरीत थुंकायचो. वाट पाहिली. शटर ओढून रोज उभा राहायचो. कोणी येईना. मग एका संध्याकाळी ती पलंगावर पडली होती, डोळा लागलेला. मी उशाशी बसलो आणि हळूच म्हटलं, "मी गोळी सोडलीय. ये परत. हिला सोड."

ती हलली नाही. डोळेही उघडले नाहीत. फक्त ओठ.

"कशाला, राजा?"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तिनं कधी अरे-तुरे केलेलं नाही.

"ये ना," मी म्हटलं. भीक मागितल्यासारखं.

"तुझ्याशी बोलून बोलून कंटाळले रे मी. तुला फक्त पाजायचं असायचं. हिला कोणीतरी बोलायला हवं होतं. किती दिवसांची तहानलेली होती ही... तू होतास कुठं?"

आणि त्याच तोंडानं ते हसलं. गळ्यातल्या गळ्यात.

त्या दिवसापासून मी गोळी खरंच घेतो. प्यावंसंही वाटत नाही. सगळे म्हणतात, माणूस झालास. रोज तिच्याशी बोलायला जातो. आज काय शिवलंस, पाय दुखतात का, काय हवंय. ती "हं" म्हणते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते. दाराखालचा उजेड गेला की समजायचं, आत बोलणं सुरू झालं. तिच्या दोन शब्दांसाठी मी दुकान विकायला तयार आहे हो! पण माझ्यापाशी तसं गोड बोलणं नाही. कधी शिकलोच नाही. माझ्याशी कोणीतरी बोलत होतं, तेवढ्यावर मी खूश होतो.

थांबा, आलीच ती.

"घ्या गोळी. माझ्यासमोर."

"आज जरा इथं बस ना. हे पंखा घ्यायला आलेत. घटकाभर बसू सगळे."

"आधी गिळा बघू."

"गिळली. बघ. बस ना गं... मी काहीतरी सांगतो तुला. तुझ्या मशीनचं..."

"मला कामं आहेत."

"पाचच मिनिटं."

ऐकलंत? आत्ता. मागं, स्वयंपाकघरात... आतून कडी निघाली. नाही, वारा नाही, कडी जड आहे. तुम्हीही ऐकलंत ना? ही तर अजून इथं तुमच्यासमोर उभी आहे, पेला हातात घेऊन.

बघा, कशी हसतेय.